मी डॉक्टरला बरणीत कोंडलं

ही फजिती मीच सांगून टाकलेली बरी. शेजारची मिश्रा भाभी सांगायला बसली की राईचा पर्वत करून थांबत नाही, वर किल्लाही बांधते!

झालं काय, आमच्या मंदारची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ग्वाल्हेरला हा शब्द काही नवा नाही. माझे सासरे संस्थान विलीन झाल्याचं दुःख रोज आमटीबरोबर वाढून घ्यायचे. या विलीनीकरणानं मात्र माझं भलं केलं. शाखा जोडल्या, माणसं हलवली, आणि कोकणात गेलेला माझा मुलगा सिटी सेंटरच्या शाखेत परत आला. बरोबर बायको, गौरी. मालवणची. आणि गौरीबरोबर काचेची ही एवढी मोठी टाकी, खाऱ्या पाण्याची!

"समुद्र घरात कशाला आणलास गं?" मी विचारलं.

"इथे नाही ना, आई, म्हणून," एवढंच म्हणाली.

त्या टाकीत दोन नारिंगी मासे. सकाळी ती त्यांच्याशी मालवणीत बोलायची. मासे खाणाऱ्यांची पोर, आणि मासे पाळते! मला पटेना. मी टाकीकडे पाठ करून बसायची. तसा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाची कॉलर मळलेली दिसो, कुणाचं बटण लोंबताना दिसो, माझं तोंड आणि हात दोन्ही लगेच चालतात. ह्यांच्या अंगावरचा दोरा मी लग्नापासून वेचतेय.

मग गौरीच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं, ती मंदारला घेऊन मालवणला गेली. जाताना तिनं वहीत चार पानं लिहून दिली. खायला किती, पाणी किती, सगळं. "आई, हे दोघं सांभाळाल ना? लग्नाआधीपासून आहेत माझ्याकडे." डोळे भरलेले. आता अशा वेळी कोण नाही म्हणेल? मी वही घेतली. मी चौथी शिकलेली. पहिलं पान वाचलं, म्हटलं कळलं सगळं!

तिसऱ्या दिवशी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके. कुणी रवा भुरभुरल्यासारखे. मासे दगडाला अंग घासतायत. माझी पाचावर धारण बसली. लगेच फोन लावला.

"परजीवी कीड आहे ती, आई," गौरी घाबरून म्हणाली. "मी परवा निघते. तोवर टाकीत काही घालू नका. हळद नको, कडुनिंब नको, काही नको!"

हिला कसं कळलं मी कडुनिंब आणायला निघाले होते?

बरं, नाही घातलं. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. आणि दुपारी दगडामागून तो निघाला! लालभडक, पाठीवर पांढरा पट्टा, वीतभर मिशा. सरळ माशाच्या अंगावर चढला आणि चिमट्यांनी टोचायला लागला. बिचारा मासा भीतीनं जागचा हलेना!

सापडला किडा!

गौरी म्हणाली काही घालू नका. काढू नका असं कुठं म्हणाली?

तळणीचा झारा घेतला, पदर खोचला, कोपरापर्यंत हात आत. तासभर कुस्ती झाली. हॉलमध्ये समुद्र, मी चिंब, पण आरोपी हातात! नई सडकवरून आणलेल्या कोऱ्या बरणीत टाकीचंच पाणी भरून त्याला सोडलं, तोंडाला फडकं बांधलं. मारला नाही हं. सुनेला पुरावा दाखवायचा होता ना.

मिश्रा भाभीला आधी दाखवला. ती दोन पावलं मागे सरली. "हाय राम! इतना बड़ा कीड़ा? और आपने हाथ से पकड़ा?"

"हाथ से," मी म्हटलं. झाऱ्याचं सांगितलं नाही.

हे पेपर बाजूला सारून म्हणाले, "अगं, सुनेला एकदा विचार तरी."

"तुम्ही गप्प बसा!"

सकाळी उठून बघते तर बरणीत दोन! तशाच मिशा, तसेच पाय. व्यायला की काय मेला! आणि इतकी पोरं टाकीत असतील तर मासे वाचतात कसले? मी गौरीला व्हिडिओ लावला, बरणी समोर धरली.

गौरीनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग, "आई... ती कोळंबी आहे."

"कोळंबी?"

"दुसरं दिसतंय ती तिची कात. टाकलेली. आणि ती माशांच्या अंगावरची घाण वेचते हो. मासे स्वतःहून तिच्यापुढे उभे राहतात. टाकीतली डॉक्टर आहे ती! वहीत दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, तिला हात लावू नका."

दुसरं पान! आमच्या सात पिढ्यांत कोळंबी ताटात आली नाही, मी ती बरणीत कशी ओळखणार? पण पान उलटायला काय झालं होतं? मी रडले हो. डॉक्टरला गुपचूप टाकीत सोडलं.

गौरी आली. ओरडेल म्हणून मी स्वयंपाकघरात लपले. ती सरळ टाकीकडे गेली. मासे दुसऱ्या छोट्या टाकीत हलवले, त्यांना औषध दिलं. ते औषध कोळंबीला सोसत नाही, म्हणून ती मोठ्या टाकीत एकटी. पुढचे दीड महिने औषधाची वेळ मी सांभाळली. चारही पानं पाठ करून! मासे वाचले. दोन्ही.

आणि मिश्रा भाभी "कीड़े का क्या हुआ?" विचारायला आली, तेव्हा माझी पोर काय म्हणाली माहितीये? "आईंनी पहिल्याच दिवशी ठिपके ओळखले, भाभी. इसलिए बच गए दोनों." एवढे उपकार माझ्यावर सख्ख्या बहिणीनं केले नाहीत.

मासे मोठ्या टाकीत परतले, तेव्हा आम्ही चौघं समोर उभे. नारिंगी मासा सरळ कोळंबीपुढे जाऊन थांबला. ती वेचायला लागली.

हे हळूच म्हणाले, "सगळ्यांच्या अंगावरचं वेचत फिरणारं आपल्या घरात आधीपासून एक आहे. पण त्याला बरणीत घालायची हिंमत मला कधी झाली नाही."

सगळे हसले. मी उत्तर देणारच होते, तेवढ्यात ह्यांच्या खांद्यावर एक पांढरा दोरा दिसला. आधी तो उचलला.

आणि बघा, हे जागचे हलले नाहीत.