रूपालीची गाठ आणि माझी धडधड

बारामतीत चाळीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बसलोय. केसपेपरांना कपाट आहे. किस्से कुठं ठेवायचे? ते आपले डोक्यात साचतात आणि जेवताना अचानक आठवतात. एकट्या सणसरच्या रूपालीचेच पाच-सहा आहेत. बावीस वर्षांची पोर, लग्नाला वर्ष झालेलं. एम.डी. मी, पण तिच्यापायी धास्ती मलाच!

*

पहिल्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर सहा सेंटिमीटरची गाठ दिसली. ‘गाठ’ ऐकताच सासूबाई, हिराबाई, खुर्चीतून उठल्या.

“म्हंजी कॅन्सर?”

“नाही हो मावशी. पाण्यानं भरलेली पिशवी आहे. या वयात बऱ्याचदा आपोआप जिरते. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.”

“आपोआप जिरती, तर तुमी कशाला?”



*

तो रिपोर्ट मी तीन वर्गमित्रांना पाठवला. तिघांनीही कळवलं, “साधी सिस्ट आहे, थांब.” तिघांचं एकमत झालं, म्हणून मला जास्तच शंका आली!

*

चार दिवसांनी रूपालीचा फोन.

“सर, गल्लीतल्या बाया हिरव्या बांगड्या घेऊन आल्यात. सोनोग्राफी केली म्हणजे दिवस गेले, असं त्यांनीच ठरवलंय.”

“मग सासूबाई काय म्हणाल्या?”

“चहा पाजला. म्हणाल्या, ठिवा हितं, लागत्यालच की!”

माझा धीर सुटला. म्हणजे बाईंचा सगळा जीव नातवात. गाठीपायी अंडाशयच काढावं लागलं तर या पोरीचं त्या घरात काय होईल? एका अंडाशयावरही मूल होतं, हे मी सांगेन. पण ऐकणार कोण?

*

त्या दोघींना मी पुन्हा बोलावून घेतलं. “गाठीच्या वजनानं अंडाशयाला पीळ पडू शकतो. त्याचा रक्तपुरवठा तुटतो. अचानक जोरात दुखलं, उलट्या झाल्या, तर काय करायचं?”

“निघायचं,” रूपाली म्हणाली.

“आणि घरी कुणी म्हणालं, उद्या जाऊ?”

“डॉक्टरसाहेब,” हिराबाई वैतागल्या, “चार येळा इचारलं तुमी. आता घरी गेल्यावर म्हशीबी सांगत्याल, निघायचं म्हनून!”

आमच्या डाळजच्या गौतमी सिस्टर तोंड फिरवून हसत होत्या.

*

पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, दुधाची पिकअप थेट दवाखान्याच्या दारात. मागं कॅनांच्या मधे रूपाली, घामानं चिंब, मांडीवर बादली. नवरा कारखान्यात ड्यूटीवर. हिराबाई ड्रायव्हरशेजारून उतरल्या.

“शेजारीन म्हनली, गॅस हाय, ओवा द्या. मी म्हनलं, ओवा तू खा! आन् गाडी काढाय लावली.”

सोनोग्राफी केली. पीळच होता. संमतीच्या कागदावर ‘गरज पडल्यास उजवं अंडाशय काढणे’ असं होतं. रूपालीनं वाचून सही केली. हिराबाईंनी तो कागद ओढून माझ्या हातात कोंबला. बाई रागावल्यात, असं मी धरून चाललो.

*

थिएटरमध्ये मी गौतमी सिस्टरांना विचारलं, “उजवंच ना?”

“उजवंच, सर. तुमीच पोटावर खूण केलीय. दोनदा.”

दुर्बीण आत घातली. अंडाशयाला दोन पीळ, रंग पिकल्या जांभळाचा. पूर्वी असं काळं दिसलं की काढून टाकायचो. आता पीळ सोडवतात, गाठ काढतात, अंडाशय राखतात. बहुतेक वेळा ते सावरतं. ज्युनियरांना हे मीच शिकवतो. तरी हात थांबला.

“सिस्टर, चुकलं तर?”

“पीळ सोडवा आदी, सर. चुकायचं मागनं बघू!”

सोडवला. गाठ काढली. रंग परतायची वाट बघत राहिलो.

“किती मिनिटं झाली?”

“तीन.”

“आता?”

“तीनच, सर.”

मग एका कडेला अगदी पुसट गुलाबी दिसलं. मला वाटलं, भास होतोय. सिस्टर म्हणाल्या, “मलाबी दिसतंय.”

*

भूलतज्ज्ञ रूपालीला जागं करत होते, तेवढ्यात मी मास्कसकट बाहेर धावलो. दारातच हिराबाई उभ्या.

“मावशी, अंडाशय वाचलं! गाठ साधीच दिसतेय, तरी तपासायला पाठवतो. मूल व्हायला अडचण येऊ नये! अगदी काळजी—”

त्यांनी माझा गाऊन धरला.

“त्ये ऱ्हाऊ द्या वो! माजी पोर डोळं उघडती का न्हाय?”

मी तसाच परत आत पळालो.