फुजैराची बदली आणि माझी लांब प्रार्थना

दुबईच्या करामा भागात माझी प्रार्थना लांबीसाठी गाजलेली होती. आम्ही मंडळीचे सेवक जोडीनं घरोघरी जायचो. बाहेरच्या कुणाला धर्म सांगायचा नाही हा इथला कायदा, म्हणून आपल्याच ख्रिस्ती लोकांकडे, आणि तेही बोलावलं तरच. माझा जोडीदार शिकलेला, तो शास्त्र वाचायचा. मला शाळेनं पाचवीतच सोडून दिलेलं, म्हणून मी प्रार्थना करायचो. प्रार्थनेला सर्टिफिकेट लागत नाही. एकदा डोळे मिटले की मी साहेबांचं प्रमोशन मागायचो, पोरीची परीक्षा मागायचो, सासूबाईंचे गुडघे मागायचो, बिल्डिंगखाली पार्किंगसुद्धा मागायचो. तोवर बिर्याणी गार. एका घरातलं पोरगं मधेच म्हणालं, "अंकल, आर यू डन?" मी त्याच्या इंग्लिशसाठीही प्रार्थना केली.

मग पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं.

"तुमची फुजैराला बदली. तिथल्या सेवकाचा जोडीदार कायमचा गावी गेला. महिनाभर बघू. त्यांचं तुमच्याशी जमलं तर राहा तिकडंच."

"आणि नाही जमलं तर?"

"करामात आता दुसरा भाऊ घेतलाय. मग व्हिसा खलास करावा लागेल."

व्हिसा खलास म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे मेव्हण्याची वीटभट्टी. मेव्हणा माझ्यापेक्षा वयानं लहान आणि मला हुकूम सोडायची त्याची फार जुनी इच्छा. बायको फोनवर म्हणाली, "तोंड जरा बंद ठेवा तिकडं." म्हणलं, ठेवतो.

फुजैराला डोंगर ओलांडून उतरलो. तेलाच्या टाक्या, पलीकडं समुद्रात उभी जहाजं, आणि आमची एक खोली. नवा जोडीदार जालन्याकडचा, साठीला आलेला. आधी बंदरावर वेल्डर होता, आता मंडळीच्या कामाला. सगळे त्याला काका म्हणायचे. काका बोलायचा नाही. पहिल्याच जेवणाला मी करामात हमखास चाललेले सगळे जोक काढले. सगळे ऐकून घेतले आणि काका म्हणाला, "भात उरलाय, घ्या."

पहिली भेट लेबर कॅम्पातल्या खोलीत. आपलीच पोरं, नगर-जालन्याची, टाक्यांवर कामाला. दोन मजली कॉट, प्रत्येक कॉटला पडदा. काकानं चपला दाराबाहेर काढल्या आणि खाली चटईवर बसला. मी करामावाला, सोफ्याची सवय. पडदा सारला आणि खालच्या कॉटवर ऐसपैस बसलो. कॉट ओरडली.

"आई गं! कोण आहे रे?"

रात्रपाळीचा माणूस झोपला होता. मी त्याच्या पायावर बसलो होतो.

"माफ करा भाऊ, मला वाटलं ब्लँकेट आहे."

"ब्लँकेटला नखं असतात का?"

सगळी खोली हसली. काका नाही हसला. परत येताना गाडीत म्हणाला, "इथं माणसाचं अख्खं घर म्हणजे तेवढी कॉट. पडदा म्हणजे दार. दारावर टकटक करतात." मी मोजून बघितलं नाही, पण त्या आठवड्यात तो एवढंच बोलला असावा.

पुढच्या सुट्टीला त्याच खोलीत गेलो. तिथल्या एका फिटर पोराची आई गावी वारली होती. त्याला रजा मिळाली नाही, माती त्यानं मोबाइलवर बघितली. तेव्हापासून त्याला झोप नव्हती, आणि काम उंचावरचं. फोरमननं त्याला टाकीवरून खाली उतरवून झाडू हातात दिला होता. दाराशी काकानं मला बजावलं, "प्रार्थना छोटी करा. सुट्टीला लोकांना झोपायचं असतं."

छोटी म्हणजे केवढी, हे मला आजही माहीत नाही. काकानं वचन वाचलं. मी डोळे मिटले. पोराच्या आईपासून सुरुवात केली, मग बाप, मग बहीण, बहिणीचं सासर. मग फोरमन. मग ती टाकी, तिची शिडी, शिडीचे बोल्ट. मग बंदरातली जहाजं, त्यावरचे खलाशी, त्यांच्या आया. आवाजसुद्धा माझा एका सुरातला, पंख्यासारखा. शेवटी आमेन म्हणलं.

कुणीच आमेन म्हणेना.

डोळे उघडले. फिटर पोरगं काकाच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं, गाढ झोपलेलं. बाकीचे भिंतीला टेकून घोरत होते. जागा फक्त काका, आणि तो सरळ माझ्याकडं बघत होता. मी घसा साफ करून पुन्हा मोठ्यानं आमेन म्हणणार, तेवढ्यात त्यानं ओठांवर बोट ठेवलं. पडद्याआडून रात्रपाळीवाला हळूच म्हणाला, "संपलं का, भाऊ? चांगलं चाललं होतं."

दुपारची अजान झाली तरी काका हलला नाही. त्याचा हात मुंग्या येऊन लोंबत होता. मी समोर बसून वीटभट्टी बघत होतो, धुरासकट.

महिना भरला तेव्हा आम्ही गाडीत होतो. मी चालवत होतो. पाळकसाहेबांचा फोन आला, काकानं स्पीकरवर टाकला. काकाला फोन कानाला लावायचा कंटाळा.

"काय ठरवलंत काका, भावाचं?"

"प्रार्थना फार लांब करतात."

"ते मला माहीत आहे."

"नको तिथं बसतात."

"बरं."

"जोकला हसू येत नाही."

"करामातही येत नव्हतं."

हे मला नवीन होतं. मी स्टेअरिंग घट्ट धरलं.

"मग पाठवू का त्यांना परत?"

"नको. त्या फिटर पोराला यांच्या प्रार्थनेत झोप लागली. त्या रात्रीही लागली म्हणे. आता वर चढवतात त्याला. काल फोन करून विचारत होता, येत्या सुट्टीला तेच भाऊ येणार ना. राहू द्या यांना."

"बघा, काका! प्रार्थनेचं सामर्थ्य!"

"सामर्थ्य नाही, साहेब. कंटाळा. पण झोप ती झोप."

मी आनंदानं हॉर्न दाबला. पुढच्या पिकअपवाल्यानं खिडकीतून हात काढून मला अरबीत काहीतरी सांगितलं, ते आशीर्वाद नव्हते. काका म्हणाला, "रस्ता बघा."

सुट्टीला गेलो. या वेळी मी आधी चटई बघितली, मग बसलो. फिटर पोरानं विचारलं, "भाऊ, आज कुणाकुणासाठी मागणार?"

"म्हणलं, सगळ्या फुजैरासाठी मागावं."

"मग मी आडवाच होतो," म्हणाला आणि हात डोक्याखाली घेऊन झोपला. काकानं भिंतीला पाठ टेकवली, पाय लांब केले.

"करा सुरू."