रिकामी यादी

कोड तपासायला बसले की दादा आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे. मग विचारायचे, "आणि हे असं आलंच नाही तर?"

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात त्यांना सगळेच दादा म्हणत. असा एखादा संशयी माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. लग्नाला गेले तरी दादा नवरीचं नाव पत्रिकेशी ताडून पाहतील, अशी त्यांची थट्टा चाले.

मी तिथे इंटर्न होते. वडील बराकपूरच्या छावणीत हवालदार. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. प्रश्न विचारायला भीती वाटायची. दादा मात्र बंगाली वळणाच्या हिंदीत, न विचारताच समजावत. सर्व्हरकडून माहिती जेसन नावाच्या ठरावीक रचनेत येते. ती कधी अर्धवट येते, कधी भलतीच. न तपासता वाचायला गेलं, तर ॲप बंद पडतं.

एका हॉस्पिटलच्या ॲपमध्ये डायलिसिसच्या वेळांची यादी दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी माझं मूल्यमापन होतं. सियालदहहून सुटणारी गाडी गाठायला दादा बॅग अडकवून निघाले होते. मी म्हटलं, "दादा, आजच पास करा ना." त्यांनी उभ्या उभ्याच पाहिलं आणि मंजूर केलं.

मी लिहिलं होतं, माहिती वाचता आली नाही तर रिकामी यादी दाखव. ॲप बंद पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

पुढच्याच आठवड्यात माहिती अर्धी आली. ॲप बंद पडलं नाही. पडद्यावर दिसलं, आज कोणाचीही वेळ नाही. काउंटरवरच्या मुलीने एका आजोबांना परत पाठवलं. दोन दिवसांनी धाप लागली म्हणून त्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

हे कोणी लिहिलं, असं साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं. नोकरी पक्की झाली, असं मी घरी सांगून बसले होते. मी समोरच्या वहीची पानं उलटत राहिले.

दादा म्हणाले, "मंजूर मी केलं. चूक माझी."

महिनाअखेर त्यांना काढलं. शेवटच्या दिवशी जिन्यात गाठून मी माफी मागू लागले.

"माझी नको," ते म्हणाले. "त्या आजोबांना भेटून ये."

आजोबा बरे होऊन पुन्हा दर मंगळवारी येऊ लागले होते. मी दोनदा हॉस्पिटलपर्यंत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून परतले. ऑफिसात मात्र दर मंगळवारी यादी उघडून त्यांचं नाव बघत असे.

या मंगळवारी नाव नव्हतं. मी तीनदा तपासलं. माहिती पूर्ण आली होती, कोडही बरोबर होता. हॉस्पिटलला विचारलं, तेव्हा समजलं, आजोबा गेले.

दादांचा नंबर काढून बसले आहे. अजून लावलेला नाही.