आवाज येतोय का?

गाइडच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी मी महिनाभर गडाच्या पायथ्याशी मोबाइल घेऊन बसायचे, कारण रेंज तिथेच मिळायची. मॅडम दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "आवाज येतोय का?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "येतोय, मॅडम!"

परवा पहिल्यांदाच पर्यटकांना घेऊन गडावर गेले. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी पाठ केलेली माहिती सांगायला तोंड उघडलं आणि सवयीनं बोलून गेले, "आवाज येतोय का?"

मला वाटलं, आता हसतील. पण सगळे गप्प होऊन कान देऊन ऐकू लागले. आत कुठंतरी थेंब पडत होता.

"येतोय," एक आजोबा हळूच म्हणाले.

त्या थेंबानं गडाबद्दल माझ्याहून जास्त सांगितलं. पुढच्या खेपेलाही मी हेच विचारणार आहे, आता मुद्दाम.