रकान्यात न मावलेलं रान

शरयूअक्का कुलकर्णी यांची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्यांचं नुकसान करत असताना. पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. कोरमंगलाच्या पीजीत जीव रमेना, म्हणून एका रविवारी मराठी मंडळाबरोबर आनेकलजवळच्या त्यांच्या रानात श्रमदानाला गेले. अक्कांनी मला घाणेरी उपटायला सांगितलं. थोड्या वेळाने रानाची देखभाल करणाऱ्या मुनियम्मा लांबून हात हलवत ओरडू लागल्या, "काडु! काडु!" मला वाटलं, त्या 'काढू, काढू' म्हणताहेत. मी दुप्पट जोमाने उपटू लागले.

अक्का धावत आल्या, तोवर करंजाची आणि चंदनाची डझनभर रोपं माझ्या हातात होती. "अगं, कन्नडमध्ये काडु म्हणजे रान! इथून पुढे रान आहे, हात लावू नकोस, असं सांगतायत त्या," अक्का म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रोपं मात्र एकेक करून परत लावायला लावली. त्यांतली तीन जगली. ती कुठे उभी आहेत, ते मी आजही डोळे मिटून सांगेन.

अक्का एका सरकारी कारखान्यात अभियंता होत्या. यजमानांबरोबर घेतलेली ही खडकाळ जमीन त्यांनी नांगरली नाही, विकलीही नाही. "आम्ही काही लावलं नाही, फक्त कुणाला तोडू दिलं नाही," असं त्या सांगतात. हे 'फक्त' किती कठीण आहे, ते सर्जापूर रोडच्या बाजूने दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकणारे घरांच्या प्लॉटचे लेआउट पाहिले की कळतं.

यजमान गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवरून आग आली आणि रानाचा एक कोपरा जळाला. आग अडवायला भोवती मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा हवी होती. कुंपण हवं होतं, राखणदार हवा होता. एकट्या बाईला हे झेपणारं नव्हतं. खासगी रानांच्या देखभालीसाठी सरकारी अनुदान मिळतं असं कळलं, तेव्हा अक्कांनी अर्ज आणला. त्यात जमिनीच्या प्रकारासाठी तीनच पर्याय होते: शेती, लागवड आणि पडीक. अक्कांनी तिन्ही खोडले आणि शेजारी ठसठशीत कन्नड अक्षरांत लिहिलं, 'काडु'. अर्ज परत आला. त्यांनी तोच शब्द लिहून पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला.

तेव्हा मी शहाणपणा केला. "अक्का, स्वल्प अॅडजस्ट करा ना. पडीक लिहा, काम होऊन जाईल."

"आज मी पडीक लिहीन," त्या म्हणाल्या. "उद्या हाच कागद नाचवत कुणीतरी येईल. बाईंनी स्वतःच पडीक लिहून दिलंय, मग इथे घरं बांधली तर काय बिघडलं, म्हणेल. तेव्हा काय सांगू?"

तिसऱ्या वेळी एक साहेब पाहणीला आले. माणूस सभ्य होता. झाडांखालचं झुडूप बघून म्हणाले, "इदेल्ला क्लीन माडबेकु, मेडम." हे सगळं साफ करा, ओळीत सिल्व्हर ओक लावा, मी लागवड म्हणून मंजूर करतो. अक्कांनी त्यांच्या हातात चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "सार, क्लीन माडिद्रे काडु एल्लिरुत्ते?" साफ केल्यावर रान उरेल कुठे? साहेब हसले, चहा प्यायले आणि गेले. अर्ज नामंजूर झाला.

मला अजून राग येतो. रान राखायला मदत हवी, तर आधी रान काढा! अक्कांच्या या गौरवग्रंथात कटुता नको, असं संपादकांनी कळवलं आहे. त्यांची क्षमा मागून हे वाक्य मी तसंच ठेवते आहे.

अक्का मात्र कपाळाला हात लावून बसल्या नाहीत. त्या थंडीत त्या स्वतः कोयता घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना बघून आम्ही श्रमदानाला येणारेही. तेव्हापासून दर थंडीत जाळरेषा आम्हीच काढतो. पुढे माझी नोकरी गेली. मी पीजीत तोंड लपवून बसले होते, तर अक्कांचा फोन आला, "उद्यापासून झाडं मोजायला ये." दोन महिने मी झाडं मोजली आणि दुपारी त्यांच्या डब्यातली भाकरी आणि सारु, म्हणजे कन्नड पद्धतीचं सार, खाल्लं. त्या दोन महिन्यांनी मला सावरलं. नवी नोकरी मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग रविवारी येशील ना?"

यंदा अक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि अर्ज पुन्हा गेला आहे. रकान्यात तोच शब्द आहे. या वेळी सोबत मी मोजलेल्या झाडांची यादी आणि आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. मंजूर होईल की नाही, ठाऊक नाही.

अक्का, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो आणि तुमचे गुडघे असेच धड राहोत, कारण कागद परत आला तर तो पुन्हा पाठवायचा आहे. आणि एखाद्या दिवशी तुम्ही रानात नसताना कुणी येऊन "हे काढू का?" असं विचारलंच, तर त्याच्यापुढे उभं राहून आम्ही सांगू, "इदु काडु."