पाच नंबरचा ग्लास

माझ्या ताईच्या घरी महिन्यातून एका रविवारी दुपारी बिअर चाखायचा कार्यक्रम असायचा. पिण्याचा नाही, चाखण्याचा. हा फरक जिजू प्रत्येक नव्या पाहुण्याला समजावून सांगत. पिणारे लोक वेगळे, ते हायवेच्या ढाब्यावर बसतात. हे लोक गंगापूर रोडच्या सातव्या मजल्यावर बसत, पडदे ओढून, एसी लावून, हातात पेन घेऊन.

मी इंग्लिश मीडियमची आणि फारसं न बोलणारी. या दोन गुणांवर मला तिथे लेखनिकाचं काम मिळालं होतं. हे चौघे-पाचजण बोलत आणि मी संध्याकाळी त्याचं इंग्रजी करून जिजूंच्या पेजवर टाकी. पेज वाचणारे बहुतेक जिजूंच्याच ऑफिसातले होते आणि त्यातले निम्मे सोफ्यावर हजर असत.

पद्धत अशी होती. निरनिराळ्या छोट्या कारखान्यांत बनलेली बिअर कोणीतरी मित्र पुण्याहून गाडीच्या डिकीत घालून आणायचा. स्वयंपाकघरात मी बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून त्यावर मार्करने नंबर टाकायचे, म्हणजे कोणाला लेबल दिसू नये. एकेक बाटली उघडून छोट्या ग्लासांत दोन-दोन घोट ओतायचे आणि ट्रे बाहेर न्यायचे. कुठला नंबर म्हणजे कुठली बाटली, याची यादी फक्त माझ्याकडे असे. बाहेर सगळे आधी ग्लास उजेडात धरत, मग त्यात नाक घालत, मग एक घोट तोंडात या गालातून त्या गालात फिरवत. दाढ दुखत असताना माणूस मिठाच्या पाण्याने चूळ भरतो तेव्हा साधारण असाच दिसतो. मग कार्डावर पाचपैकी मार्क. पावणेचार म्हणायची त्यांना लाज वाटत असावी. ते 'थ्री पॉइंट सेव्हन फाइव्ह' म्हणत.

'ग्रेपफ्रूट' हा शब्द एका दुपारी पाच-सहा वेळा तरी यायचा. त्या खोलीतल्या एकानेही ग्रेपफ्रूट खाल्लेलं नव्हतं. पपनस सगळ्यांनी खाल्लेलं होतं, पण पपनस कोणी म्हणत नसे. 'पाइन'ही यायचं. पाइनचा वास आम्हा सगळ्यांना आयुष्यात एकाच ठिकाणी भेटला होता, फरशी पुसायच्या बादलीत. मी ते सगळं निमूटपणे लिहून घ्यायचे.

एकदा मात्र एक खरं वाक्य बोललं गेलं. जिजूंचा एक मित्र मूळचा सायखेड्याचा, घराला लागून गोठा असलेला. एका ग्लासात नाक घालून तो एकदम खूश झाला.

"लय ओळखीचा वास आहे राव. आमच्या गोठ्यातल्या ओल्या कडब्याचा."

सगळे हसले. जिजू म्हणाले, "तू गाव सोडलंस, पण तुझ्या नाकाने अजून नाही सोडलं."

तोही हसला आणि पुढच्या ग्लासापासून ग्रेपफ्रूट म्हणू लागला.

एप्रिलमधल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "तो पिस्ता रंगाचा कुर्ता घालून ये."

"बिअर ओतायला?"

"घालून ये म्हटलं ना."

गेले तर हॉलमध्ये जिजू आणि तो सायखेड्याचा मित्र होते, आणि सोफ्यावर पन्नाशीच्या एक बाई कोकम सरबताचा ग्लास घेऊन बसल्या होत्या. आमच्या कार्यक्रमाला सरबत प्यायला कधी कोणी येत नाही. त्यांच्या शेजारी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा होता. बाई त्याची मावशी होत्या. मावशींनी माझे पाय पाहिले, मग चष्मा, मग पुन्हा पाय. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ताई मागोमाग आली.

"हा बघण्याचा कार्यक्रम आहे?"

"बघण्याचा कसला. नुसती भेट. मोकळ्या वातावरणात."

"मग मावशी?"

"त्यांना यायचंच होतं. काय नाही म्हणू? ट्रे तूच ने, आणि ने तेव्हा हस जरा."

जिजूंनी दारातून डोकं आत घातलं. "टेन्शन घेऊ नकोस. मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगून टाकलंय, आम्ही पत्रिकाबित्रिका मानत नाही. आपलं घर मॉडर्न आहे."

म्हणजे पोह्यांच्या जागी बिअर आली होती. मुलगी, ट्रे आणि मावशी जिथल्या तिथे होत्या.

मुलगा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. समोर आलेला माल पास की नापास, हे सांगण्याचा त्याला पगार मिळत होता. जिजूंना हे फार आवडलं. त्यांनी जाहीर केलं की आज सहा बाटल्या आहेत, आणि त्यातली एक कोपऱ्यावरच्या दुकानातली, कुठेही मिळणारी साधी बिअर आहे. परीक्षा म्हणून मुद्दाम ठेवलेली. जीभ तयार असेल तर ती लगेच पकडता येते.

दोन नंबरच्या बिअरवर जिजू खूश झाले. साडेचार दिले, आणि ग्रेपफ्रूट. मुलाने चार दिले. तीन आणि चार नंबर किरकोळ गेले. मग मी पाच नंबरची बाटली उघडली आणि ती उसळली. उन्हात डिकीत तापून आली असणार. निम्मी सिंकमध्ये गेली, निम्मी ओट्यावरून खाली. बाटलीत बोटभर फेस उरला.

बाहेर जाऊन 'एक बाटली गेली' एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द. पण त्यासाठी हॉलच्या दारात उभं राहावं लागलं असतं, पाच जणांनी माझ्याकडे पाहिलं असतं आणि मावशी म्हणाल्या असत्या, काय झालं गं. दोन नंबरची बाटली मोठी होती आणि फ्रिजमध्ये तिच्यात बरीच बिअर शिल्लक होती. मी ती पाच नंबरच्या ग्लासांत ओतली, ओटा पुसला आणि ट्रे बाहेर नेला.

ग्लास देऊन झाल्यावर मी सोफ्याच्या मागे, भिंतीपाशी उभी राहिले. तिथून मला मुलाचं कार्ड दिसत होतं. त्याने घोट घेतला, जरा थांबला आणि पाचसमोर चार लिहिले. अगदी बरोबर. त्याची जीभ चांगली होती, हे मला मान्य केलं पाहिजे.

तेवढ्यात जिजूंनी ग्लास टेबलावर ठेवला. "हीच ती. दुकानातली. पाणचट आहे, आणि मागून साबण."

मुलाने अंगठा हळूच चारवर ठेवला. जिजूंच्या तोंडाकडे पाहिलं. मग अंगठा काढून चारवर काट मारली आणि शेजारी दोन लिहिले.

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "साबणच."

"त्याला लहानपणापासून वास फार कळतात," मावशी म्हणाल्या.

सहा नंबरची बाटली खरी दुकानातली होती. तिला जिजूंनी सव्वाचार दिले, मुलानेही सव्वाचार. मग मला यादी वाचायला सांगितली. मी वाचली. पाच नंबरच्या पुढे मी दुकानातल्या बिअरचं नाव वाचलं आणि सहाच्या पुढे त्या उसळलेल्या बाटलीचं. आवाज जराही हलला नाही. जिजूंनी मुलाला टाळी दिली. सायखेड्याचा मित्र म्हणाला, "मानलं बुवा." त्याने पाचला किती दिले होते, ते त्याने कोणाला दाखवलं नाही.

दोन दिवसांनी मावशींचा होकार आला. मुलगी शांत आहे, घरगुती आहे, असं त्या म्हणाल्या. माझ्या पप्पांचा गुलाबांचा व्यवसाय आहे, मखमलाबादला शेत आणि पहाटे पंचवटीच्या फुलबाजारात माल. ते सहसा माझ्या लग्नाच्या बोलण्यात पडत नाहीत. त्या दिवशी तेही बसले. ताई आणि जिजू मुद्दाम आले होते.

मी म्हटलं, मला नाही करायचं.

"का?" आई म्हणाली. "नोकरी चांगली, फ्लॅट स्वतःचा, माणसं साधी, मुलगा निर्व्यसनी."

"आई, तो बिअर प्यायला आला होता."

"चाखायला," आई म्हणाली. जिजूंची शिकवण तिच्यापर्यंत पोचली होती.

"काहीतरी कारण असेल ना," पप्पा म्हणाले.

"त्याने चाराचे दोन केले."

कोणालाच काही कळलं नाही, आणि जिजू समोर असताना मला ते समजावून सांगता येईना. शेवटी आई उसासा टाकून म्हणाली, "बरं. नसेल मनात तर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवू. कोणी वाईट वाटून घेत नाही."

जिजू कारच्या किल्लीशी खेळत होते. "ते जमणार नाही. मी त्यांना सांगून बसलोय ना, पत्रिका मानत नाही म्हणून."

आमच्या सगळ्या नात्यात आजवर जेवढी लग्नं मोडली ती ग्रहांनी मोडली आहेत. उंची, रंग, सासूची जीभ, मुलाची दारू, सगळं मंगळावर ढकलून लोक पुढच्या लग्नात एकमेकांना हसून भेटतात. सभ्यपणे नाही म्हणायची आमच्याकडे तेवढी एकच वाट होती, आणि जिजूंनी मॉडर्न होण्याच्या भरात ती बुजवून टाकली होती.

"मग आता तूच सांग त्याला," पप्पा म्हणाले. "तोंडाने."

आम्ही भेटलो ते गंगापूर रोडवरच्या एका मिसळीच्या ठिकाणी, सकाळी नऊला. मिसळ आल्यावर त्याने फोटो काढला, एक घास घेतला आणि म्हणाला, "फोर पॉइंट टू." मी स्कूटरवर येताना पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"त्या दिवशी दोन नंबरची आणि पाच नंबरची बिअर एकच होती."

मग बाटली उसळल्याचं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी बरोबर होतो. मी आधी चारच दिले होते."

"मी पाहिलं."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"तुम्ही ते खोडलं."

त्याने पाव मोडला. "अहो, मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलेलो. तुमचे जिजू म्हणतायत साबण, तर मी काय बिअरवरून वाद घालू? मोठ्यांचा मान ठेवला." मग घास गिळून तो म्हणाला, "आणि तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तुम्ही यादी चक्क खोटी वाचलीत."

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. तो म्हणाला ते खरं होतं. त्याने एक आकडा खोडला होता. मी दोन बाटल्यांची अदलाबदल केली होती, आणि संध्याकाळी घरी जाऊन जिजूंच्या जिभेबद्दल इंग्रजीत एक परिच्छेदही लिहिला होता. इतके महिने भिंतीपाशी उभी राहून मी त्या सोफ्यावरच्या लोकांची कीव करत होते, त्यांच्यातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात मार्क देत होते, आणि तो सगळा खेळ माझ्याच हाताने चालत होता.

"म्हणूनच," मी म्हटलं. "आपण दोघं एका घरात राहायला लागलो तर तिथे खरं बोलणार कोण? तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल, मी तुमच्या. मला हे लग्न करायचं नाही."

तो बराच वेळ रश्श्यात चमचा फिरवत राहिला. रागावलेला वाटला नाही. "हे घरी सांगता येणार नाही," तो म्हणाला. "मावशी मला वेड्यात काढेल. मी बघतो काय सांगायचं ते."

त्याने जे ठरवलं ते त्याच संध्याकाळी मावशींनी ताईला फोनवर ऐकवलं. मुलाला पसंत नाही. मुलगी फारच अबोल आहे, तासभर समोर बसून चार शब्द बोलली नाही.

जेवताना ताई आणि जिजूंनी हे आमच्या घरी येऊन सांगितलं. आईला सुटल्यासारखं झालं आणि अपमानही वाटला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, तरी माझे कान गरम झाले. अनोळखी पुरुषाशी मी आयुष्यात कधी एवढं बोलले नव्हते.

"त्यांनी नाही म्हटलं नाही," मी म्हणाले. "मी म्हटलं."

"एकच ना ते," आई म्हणाली.

"एक नाही."

आणि मी सगळं सांगितलं. उसळलेली बाटली, दोनाची पाच, खोटी यादी. जिजूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते हसले.

"अगं, एकाच बाटलीतली बिअर वरची वेगळी लागते, खालची वेगळी. तळाशी यीस्ट बसतं. त्यामुळे साडेचार पण बरोबर आणि दोन पण बरोबर. हे तुला नाही कळायचं, तू पीत नाहीस."

"मी चाखली होती," मी म्हणाले. "सिंकपाशी. वरची पण आणि खालची पण. दोन्ही सारख्याच होत्या. तीनच्या वर एकीलाही मिळाले नसते."

आईच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. त्यानंतर जेवण होईपर्यंत दुसरा विषय निघाला नाही. कधीपासून, किती वेळा, ताईला माहीत होतं का, मावशींच्या नाकाला वास तर आला नसेल. ताई शपथेवर सांगत होती की तिला काही माहीत नाही. शेवटी पप्पांनी विचारलं, "त्या मुलाला हे सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि ताकाची वाटी पुढे ओढली.

ताट उचलताना मी पुन्हा एकदा म्हटलं की नाही मी म्हटलं आहे, त्याने नाही. या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तशीच उभी राहिले.