अंगणातली दुसरी चूल

२०२४ साल. मला बासष्टावं लागलं होतं, आणि कुवेतातल्या तिसाव्या वर्षी मला बॅचलर म्हणून खोलीबाहेर काढलं.

इथे ज्याची बायको गावाला, तो बॅचलर. मग त्याला नातवंडं का असेनात. कुटुंबांच्या वस्तीत त्याने राहायचं नाही, असा बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, नियम. आम्हा सुतारांची बिल्डिंग नेमकी तशा वस्तीत. तपासणी आली, वीज तोडली, आम्ही गाद्या गुंडाळल्या. कंपनीने शहरापासून लांब, वफ्र्याकडचा कामगारांचा कॅम्प दाखवला. तिथून वर्कशॉपला यायचं तर कोंबड्याच्या आधी उठायला हवं.

माझी लेक इथेच नर्स, जावई लॅबमध्ये, नात शाळेत. एका कुवेती माणसाच्या व्हिलाचा तळमजला त्यांनी भाड्याने घेतलेला. मागच्या अंगणात एक जादा खोली, तिला इथे मुलहक म्हणतात. मालकाने तिच्यात मोडके पंखे भरले होते. लेक म्हणाली, "बाबा, मालक हो म्हणालेत. तुम्ही या."

"येतो. पण जेवणार माझं मी."

"हे काय आता नवीन?"

"नवीन कसलं, जुनंच आहे."

आमच्या घरात बाप लेकीकडे जेवत नाही. माझे वडील ताईकडे गेले की तिच्या पडवीत बसून घरून बांधून नेलेली भाकरी खायचे. मी शाळा शिकलो चौथीपर्यंत, पण हा धडा पाठ आहे.

पंखे काढून खोलीत प्लायचा ओटा केला. सांधा असा की नख जाणार नाही. सिंक बसवलं, दोन शेगड्यांचा गॅस आणला. मासे तळले की जावई खिडकीशी येऊन म्हणायचे, "बाबा, शेजारी म्हणून तरी एक तुकडी!" मी द्यायचो. बंदी घेण्याला होती, देण्याला नव्हती. सहा महिने असे ऐटीत गेले.

एके दुपारी बलदियाचा माणूस आला, बरोबर घरमालक. बलदियावाल्याने मला विचारलं, कोण? म्हटलं, लेकीचा बाप. त्याने मान डोलावली. मग त्याची नजर गॅसवर गेली.

"बाबा, मतबख वाहिद, बैत वाहिद. मतबख इथनेन, बैत इथनेन."

एक स्वयंपाकघर तर एक घर. दोन स्वयंपाकघरं तर घरंही दोन. आणि या दुसऱ्या घरात पुरुष एकटा, म्हणजे बॅचलर. एवढी अरबी मला येते.

माझं डोकं फिरलं. "मी बॅचलर? लग्नाला अडतीस वर्षं झाली!"

"बायको कुठाय?"

"कोकणात."

"मार हाक. आली तर कुटुंब म्हणून लिहितो." स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मग सरळ सांगितलं, बाप म्हणून राहायला हरकत नाही. पण उद्या दुपारी परत येईन, तेव्हा ही चूल दिसली तर सगळ्या व्हिलाची वीज जाईल. मालक चपलेकडे बघत उभा होता. म्हणजे माझ्यापायी लेकीचंही बिऱ्हाड उठणार.

तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. माझा राग त्याच्यावर राहीना. आमच्या वाडीत भाऊ वेगळे झाले हे कसं कळतं? चुली मोजून. परक्या मुलखातल्या माणसाने माझ्याच गावचा नियम मला वाचून दाखवला होता.

संध्याकाळी लेक ड्यूटीवरून आली. मी म्हटलं, "मी वफ्र्याला जातो." ती रडेल असं वाटलं होतं. ती भडकली.

"जा की! तिथे वीस जणांत एक चूल. ती चालते तुम्हाला, आणि माझी चालत नाही!"

नात टेबलावरून विचारते, "आजोबा, यू आर अ बॅचलर?" जावई तोंड फिरवून हसले.

मी मोबाइल काढला. बायकोला फोन लावला. ती माझ्याच बाजूने बोलेल असा भरवसा होता. सगळं ऐकून म्हणाली, "अहो, अडतीस वर्षं माझ्या जेवणाला नावं ठेवलीत. आता लेकीच्या जेवणाला ठेवा. शिकवलंय मीच."

फोन ठेवला. थोडा वेळ उगाच पाण्याचा नळ तपासला. मग लेकीला विचारलं, "उद्या भाजी कसली?"

"तुम्हाला कसली हवी?"

"मला काय विचारतेस? घरात असेल ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर खाडा केला. सिलिंडर जावयांनी उचलला. ओटा मी एकही स्क्रू न मोडता उकलला. त्यांच्या टेबलाला खुर्च्या तीनच होत्या, म्हणून ओट्याच्या फळ्या कापून चौथी करायला घेतली. दोन पाय बसले आणि आतून लेकीने नाश्त्याला हाक मारली. खुर्ची तशीच आडवी ठेवून, हात धुऊन मी आत गेलो.